डाव्या हाताचा सुरा

उदगीरहून फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी ओट्याशी केळं सोलत होतो. "भाऊजी, हे गेले पहाटे," एवढंच पार्वतीवहिनी म्हणाल्या. मन्मथअप्पा गेले... केळं हातात तसंच राहिलं. आज दीड महिना झाला. त्यांच्यावर मी धरलेला जुना राग आठवतो आणि माझी मलाच लाज वाटते.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या कचेरीत आम्ही दोघे कारकून, राहायलाही शेजारी-शेजारी. अप्पा पक्के लिंगायत, अंड्यालाही न शिवणारे. आणि नाद कसला, तर शिकारी सुरे बनवायचा! लहानपणी कुणा शिकाऱ्याच्या कमरेला पाहिला होता म्हणे, तो डोक्यातून गेलाच नाही. भंगारातून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा आणायचा, परसातल्या भट्टीत तापवून ठोकायचा आणि मग महिनोन्‌महिने कानशीनं घासत बसायचं. "अप्पा, ह्यानं दोडके चिरणार का?" असं मी चिडवायचो. ते हसायचे आणि घासत राहायचे.

त्यातच दुष्काळ पडला. टँकरची वाट बघण्यात आठवडा जायचा. नेमकं तेव्हाच अप्पांचं पहिलं पातं तयार झालं. ते लालभडक करून पाण्यात बुडवायचं, म्हणजे कडक होतं. गावचा लोहार विळ्याला तसंच पाणी पाजायचा. अप्पांकडे पाणी पुरेना. मी मोठ्या तोऱ्यात, बायकोला न विचारता, आमच्या पिण्याच्या पाण्याची घागर उचलून दिली. पातं बुडालं, चर्रर्र झालं, आणि मग बारीकसा आवाज... टिच्‌. धारेपासून पाठीपर्यंत चीर. त्या दिवशी सरितानं मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अप्पांनी पातं उचलून चिरेवरून बोट फिरवलं. "पोलादाची चूक न्हाई, माधवा. इळ्याचं लोखंड येगळं, हे येगळं. ह्याला तेल लागत असंल. म्या इचारलंच न्हाई त्याला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पैला चांगला सुरा तुझा." पुढे पाऊस पडेपर्यंत टँकर आला की अप्पा आधी एक घागर आमच्या उंबऱ्यावर ठेवायचे, मगच स्वतःच्या घरात पाणी न्यायचे.

दुसरं पातं त्यांनी करडीच्या तेलात बुडवलं, त्या संध्याकाळी मी समोर होतो. जुन्या रेडिओतलं लोहचुंबक त्यांनी लाल पात्याला टेकवून बघितलं. चिकटलं नाही, म्हणजे पातं हवं तेवढं तापलं होतं. "आता!" म्हणाले, आणि पातं तेलात गेलं. बाहेर आलं ते सरळ, अखंड. मग ठिसूळपणा जावा म्हणून ते तव्यावरच्या तापल्या वाळूत ठेवून, त्यावर गव्हाच्या काडाचा रंग चढेपर्यंत ते डोळ्यात तेल घालून बसले. गुरू नाही, पुस्तक नाही. दिवसभर फायली चाळणाऱ्या माणसाला ही नजर कुठून आली? आजही कळलेलं नाही.

पण तो सुरा मला मिळाला नाही. पुढचे कितीतरी झाले. एक कंधारच्या मेंढपाळाला गेला, एक वनरक्षकाला. मी विचारलं की ठरलेलं उत्तर, "तुझा अजून झाला न्हाई." आमच्या बदल्या झाल्या, दोघे निवृत्त झालो. आपली तेवढी किंमत नसावी, असं मनात धरून मी विचारायचं सोडून दिलं. भेटलो की मात्र ते माझा डावा हात हातात घेऊन बसायचे. मी डावखुरा. बोलता बोलता एकेक बोट दाबायचे. मला जरा अवघडायला व्हायचं. मागच्या वर्षी तर्जनी दाबून म्हणाले, "हे बोट वळत न्हाई व्हय आता?" "म्हातारपण, दुसरं काय!" मी तुटकपणे म्हणालो... आमची शेवटची भेट ती.

अप्पा गेल्यावर तिसऱ्या दिवशी उदगीरला गेलो तेव्हा वहिनींनी एक पत्र्याचा डबा पुढ्यात ठेवला. त्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला तो दुसऱ्या पात्याचा सुरा होता, आणि खाली बाभळीच्या सात-आठ जुन्या मुठी.

"दर खंडेनवमीला काढायचे," वहिनी म्हणाल्या. "पूजा झाली की मूठ हातात धरून बघायचे. कवा कवा काढून नवीच करायचे. म्हणायचे, माधवाचा हात बदललाय."

मी सुरा डाव्या हातात घेतला. तीन बोटं मुठीभोवती वळली. न वळणाऱ्या तर्जनीसाठी मुठीवर एक सरळ, उथळ खाच कोरलेली होती.

सुरा आता माझ्या टेबलावर असतो. त्यानं मी काही कापलेलं नाही. रोज एकदा उचलतो, आणि ते आखडलेलं बोट आपल्या जागी जाऊन बसतं.