पोस्टरवरचा नंबर

लग्नाला पाठवलेल्या खुर्च्या परत येतात तेव्हा दोन-चार कमीच असतात. किस्से मात्र दरवेळी जास्तीचे येतात. अमरावतीत माझं बिछायत केंद्र आहे. गाद्या, मांडव, भांडी, सगळं भाड्यानं देतो. लग्नांचे, तेरवीचे, सभांचे इतके किस्से साचले आहेत की गोदाम पुरायचं नाही. पण मागच्या फेब्रुवारीत आपल्या इकडे सिनेमाचं शूटिंग झालं आणि त्यानं सगळ्यांना मागं टाकलं.

सिनेमा कडक, मारधाडीचा, पण बापलेकीचा. अकोल्यातल्या कापसाच्या जिनिंगचा चौकीदार, त्याची पोरगी गायब होते, पोलीस ठाण्यात कोणी दाद देत नाही, मग बाप स्वतःच एकेकाला गाठतो. युनिट मुंबईचं. मी त्यांचा लोकल मॅनेजर, म्हणजे खुर्चीपासून म्हशीपर्यंत जे लागेल ते आणून देणारा.

*

सिनेमातला बाप पोरीची पोस्टरं लावत हिंडतो. ती आम्हाला अकोल्याच्या जुन्या शहरात खरोखरच भिंतीभिंतीवर चिकटवायची होती. आता खाली नंबर कोणाचा टाकायचा? मनानं टाकावा तर तो कोणाचा तरी निघणार. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, टाका बापा.

मजकुरात नाव, वय, उंची, रंग एवढंच होतं. मी डायरेक्टरला म्हटलं, खाली ते नेहमीचं लिहा न, 'असशील तिथून निघून ये, कोणी रागावणार नाही.' तो म्हणे, हे फार गोड होतं, आपला सिनेमा कडक आहे. "साहेब, सिनेमा कडक असू द्या. बाप आमच्याकडचा आहे." हो-नाही करत लिहिलं त्यानं.

त्याच दुपारी पहिला फोन आला. चांदूर रेल्वेचे एक रिटायर्ड गुरुजी, अकोल्यात आलेले, भिंतीवर वाचून विचारत होते, पोरगी सापडली का. मी सांगितलं की गुरुजी, हा सिनेमा आहे. त्यांनी फोन ठेवला नाही.

"सिनेमात सापडते का?"

मला काय माहीत! शेवट आमच्यापासून लपवून ठेवलेला. विचारून सांगतो म्हटलं. मग हळूहळू त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांची शुभांगी चार वर्षांपूर्वी मनानं लग्न करून गेली. अकोल्यातच कुठंतरी राहते, एवढंच कानावर आलेलं. गुरुजी दर महिन्याला काम आहे म्हणून अकोल्याला येत, पायी फिरत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. काम काहीच नसायचं.

*

चौकातला सीन होता. बाप हातात फोटो घेऊन रडत रडत विचारतो आणि लोक तोंड फिरवून निघून जातात. शहर किती निर्दयी असतं, हे दाखवायचं होतं. माणसं मी आणली, तिथलीच.

कॅमेरा सुरू झाला, बाप रडायला लागला आणि चौघांनी त्याला धरून ओट्यावर बसवलं. एकानं पाणी आणलं. कट! पुन्हा समजावलं. पुढच्या टेकला एकजण त्याला ठाण्यात नेतो म्हणून हात धरून फ्रेमच्या बाहेरच घेऊन गेला. असे सात टेक झाले. डायरेक्टर माइकवर ओरडला की कोणीही मदत करायची नाही. तेव्हा एक धोतरवाले आजोबा माझ्यापाशी आले.

"मंग एवढ्या लोकायले बलावलं काहून? रिकामाच चौक दाखवा न."

शेवटी तोंड फिरवायला युनिटचीच माणसं उभी केली. त्यांना एका टेकमध्ये जमलं.

*

पोरीचं काम करणारी नटी मुंबईची, एकोणीस वर्षांची. सुट्टीच्या दिवशी एकटीच रसवंतीवर गेली. रसवंतीवाल्या काकूंनी तिला पाहिलं आणि समोरच्या भिंतीवरचं पोस्टर पाहिलं. झालं! शेजारच्या बायांना हाक मारून पोरीला मधोमध बसवलं.

"बाप रडून राह्यला, अन् तू इथं रस पिऊन राह्यली?"

ती बिचारी सांगतेय की मी हिरोईन आहे. काकू म्हणाल्या, घर सोडलेल्या साऱ्या पोरी हिरोईनच व्हायले निघतात. मग पोस्टरवरचा नंबर पाहून मला फोन केला. मी पोचलो तर मलाच बाप समजून आधी माझीच हजेरी घेतली. काय केलं म्हणून पोरगी घर सोडून गेली, मारलं का? घरी नेऊन तिला हात लावणार नाही, अशी माझ्याकडून शपथ घेतली आणि मगच सोडलं. आम्ही जाताना रसाचे पैसेही घेतले नाहीत.

*

शूटिंग संपलं तरी फोन येत राहिले. रिद्धपूरहून एकानं सांगितलं की पोरगी देवाच्या दर्शनाला आली आहे, फोटो पाठवतो. पाठवला. चाळिशीची बाई, कडेवर नातू. मी म्हटलं, भाऊ, ही कशी असेल? तर म्हणे, डोळे तेच आहेत.

पोस्टरं काढायचं काम माझ्याकडेच होतं. आज काढू, उद्या काढू करत होतो. हात उचलत नव्हता, खरं सांगतो.

*

जाताना डायरेक्टरनं शेवट सांगितला. पोरगी पहिल्याच दिवशी मेलेली असते, बाप उगीचच लढत असतो. गुरुजींनी फोनवर पुन्हा विचारलं. मी म्हटलं, सापडते.

आठवड्यानं ते स्वतःच गोदामावर आले. त्यांना तसलंच पोस्टर छापायचं होतं. मी शुभांगीचा फोटो मागितला.

"तिचा नको. ती काई हरवली नाही, चारचौघात तिचं हसं होईन. माझा टाका."

आणि नंबर? तोही त्यांना माझाच हवा होता. "तिनं एकदा केला होता. मी आवाज ओळखला अन् फोन ठेवून देला. आता माझ्या नंबरवर ती कशी करन?"

त्यांना घेऊन प्रेसवर गेलो. गुरुजींच्या फोटोखाली त्यांच्याच अक्षरातलं वाक्य छापलं: 'शुभांगी, मी रागावलेलो नाही. असशील तिथून ये. बाबा.' प्रेसवाल्यानं सवयीनं वर 'हरवले आहेत' टाकलं होतं. मी खोडायला सांगत होतो, गुरुजी म्हणाले, राहू द्या.

सिनेमाची पोस्टरं काढली आणि त्याच जागी ही लावली.

*

तीनच दिवसांत रसवंतीवाल्या काकूंचा फोन. "या लवकर, तुमचे म्हातारे सापडले!" गुरुजी पोरीला शोधायला गेले होते, काकूंनी धरून ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा तिसरा ग्लास चालू होता.

*

त्यानंतर महिना गेला. एका दुपारी मी गाद्यांना ऊन दाखवत होतो. अनोळखी नंबर. मी सवयीनं म्हटलं, सिनेमाचं असेल तर शूटिंग संपलं. फोन चालूच राहिला. मागं लहान लेकरू रडत होतं, त्याला कोणीतरी थोपटत होतं. मी थांबलो.

"काका," एक बाईमाणूस बोललं, "थ्या फोटोतले एवढे वाळले काहून?"