छतातून चुना पडला तेव्हा

नागपूरकरांनो, आज दुपारी नातीच्या तालमीला उंच गोल खांबांच्या जुन्या सभागृहात गेले होते. ती गात असताना माझ्या मांडीवर छतातून चुन्याची भुकटी पडली.

सत्तरच्या दशकात याच रंगमंचावर मी गुरुजींमागे तानपुऱ्यावर होते. तेव्हाही अशीच भुकटी पडली. गुरुजी गाणं थांबवून शांतपणे म्हणाले, "उठा, सारे बाहेर चला." आम्ही पायऱ्या उतरतो न उतरतो तोच आत छताचा मोठा तुकडा कोसळला.

आज आयोजकांना हे सांगितलं. ते हसले. "काकू, काहून घाबरून राहिल्या? जुनी बिल्डिंग आहे, थोडं तं झडतेच."

नातीला घरी घेऊन आले. ती रुसली आहे.

उद्या कार्यक्रमाला सभागृह भरणार आहे. बाकीच्यांना कसं थांबवू?