शेठ, नारळ आणि वाढवलेलं दुकान

कल्याणचं ते दुकान सुटून जमाना झाला, पण किस्से सुटत नाहीत. एक सांगायला बसावं तर दुसरा आधीच तोंडात येतो. ऐकायचं तर ऐका, मध्ये चोंबडेपणा नको!

आमचे अण्णाशेठ टपालानं माल विकायचे. गिऱ्हाईकानं छापील चित्र बघून पत्र टाकायचं, आम्ही पार्सल बांधायचं, त्यानं पोस्टात दाम भरून सोडवायचं. चित्रात छत्री बैलगाडीएवढी, हातात यायची टोपीएवढी. एकदा फसलेला दुसऱ्यांदा कशाला सोडवतोय? परत आलेल्या पार्सलांनी दुकान भरलं, आणि शेठ माणसं कमी करायला लागले.

*

पण शेठ शकुनाचे पक्के. ‘काढलं’, ‘बंद’ असले शब्द दुकानात वर्ज्य. काढायचं त्याच्या हातात मुकाट्यानं नारळ! पहिला थोरल्या कारकुनाला. त्याला वाटलं, सत्कार! भाषणच ठोकलं. "अशीच सेवा मरेपर्यंत करीन!" शेठनं टाळ्या वाजवल्या. करतात काय?

*

दुसरा भिकूला. ठाकुर्लीचा, माझ्याबरोबर पार्सलं बांधायचा. निघताना रीतीप्रमाणं म्हणाला, "येतो, शेठ." सकाळी हजर!

"अरे, तू कशाला आलास?"

"येतो म्हणालेलो ना!"

"मग आज ‘जातो’ म्हण."

"दुकानाच्या उंबऱ्यात? शेठ, तुमचं वाईट का चिंतू?"

रोज ‘येतो’ म्हणून जायचा, रोज यायचा.

*

मग मुंबईहून मॅनेजर आणला. मद्रासेकडचा, मराठी पुस्तकातून शिकलेला. म्हणाला, "फेरवाटणी!" लिहिणाऱ्यांनी बांधायचं, बांधणाऱ्यांनी लिहायचं. मला गावाचं नाव एकच लिहिता यायचं, कल्याण. सगळी पार्सलं कल्याणला! दुसऱ्या दिवशी पोस्टमन सगळी घेऊन आमच्याच दारात. मॅनेजर खूश. "टपाल किती जलद झालं, बघा!"

शेठ खूश नव्हते. नारळ मला. घरी खाणारी तोंडं, आणि मला गाठ मारण्यापलीकडे काही येत नव्हतं. नारळाची चटणी झाली. पुढं काय?

*

शेवटी शेठच थकले. मॅनेजरला म्हणाले, "उद्यापासून दुकान वाढवा." आपल्यात दुकान बंद करतात का कधी? वाढवतात! पण ते त्याच्या पुस्तकात नव्हतं.

सकाळी तो माझ्या दारात. "चला कामावर! शेठ दुकान वाढवतात!"

मी धावलो. थोरला कारकून आला, काढलेले सगळे आले. झेंडूची तोरणं, सनई! शेठ मोठं कुलूप घेऊन आले आणि दारातच थिजले. तोंड उघडलं, मिटलं. तो शब्द काही बाहेर पडेना!

मॅनेजरनं शुभारंभाचा नारळ अदबीनं त्यांच्या हातात ठेवला.

मागून भिकू म्हणाला, "शेठ, ‘येतो’ म्हणा!"