लाल दिवा अन् प्रल्हादची जीप

मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, व्हेईकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो, आता मेडशीला सोयाबीन अन् तूर बघतो. पोस्टिंग वाळवंटात असो की बर्फात, आमचा दिवस फर्स्ट परेडनं सुरू व्हायचा. ऑइल, पाणी, हवा बघायची, मगच चावी. ही सवय हाडात मुरली. घरचा मिक्सर लावायच्या आधीही मी वायर तपासतो, बायको हसते.

आसेगावचा प्रल्हाद आमच्या युनिटात नाईक हुद्द्यावर ड्रायव्हर होता. एकाच जिल्ह्यातले, म्हणून जोडी जमली. मुक्कामी पोचला की रेडिओवर त्याचा ठरलेला रिपोर्ट यायचा, "गाडी ओके, ड्रायव्हर ओके." सुटीत त्यानं घरी एक जुनी जीप घेतली, तर अंगणात इंजिन बंद करून बायकोलाही तोच रिपोर्ट द्यायचा. एका हिवाळ्यात घाटातला रस्ता खचला. त्या संध्याकाळी रिपोर्ट आला नाही.

त्याची मुलगी करुणा यंदा फौजेत भरती झाली. वाशीमहून दुपारची रेल्वे पकडून तिला ट्रेनिंग सेंटरला रिपोर्ट करायचं होतं. जाईन तर बाबांच्याच जीपमध्ये, हा तिचा हट्ट. गाडी चालवायला तिच्या आईनं, सुलोचना वहिनींनी, मला बोलावलं. मला इतका आनंद झाला की जुनी बेरे टोपी ब्रश मारून डोक्यावर चढवली.

आसेगावला पोचून आधी फर्स्ट परेड केली. ऑइल बरोबर, पाणी बरोबर. चावी फिरवली. इंजिन चालू व्हायच्या आधी ऑइलचं प्रेशर नसल्याचा लाल दिवा लागायला पाहिजे, चालू झालं की विझायला. लागलाच नाही. प्रल्हादचा धाकटा भाऊ गौतम बाजूला उभा होता, त्याला विचारलं.

"तो सारखा लागून राह्यला होता," गौतम म्हणाला. "वहिनी भेत होती. म्हून बल्बच काढून टाकला."

घ्या! ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून दिल्यासारखी गत. चांगला झापला त्याला. बल्ब बसवल्यावर दिवा लागला, इंजिन चालू होताच विझला. पण मी खूश झालो नाही. थंड ऑइल घट्ट असतं, तेव्हा प्रेशर मिळतंच. झिजलेलं इंजिन आपला खरा रंग दाखवतं गरम झाल्यावर.

वहिनी, करुणा, गौतम अन् मी निघालो. निम्म्या वाटेत दिवा लुकलुकला, मग पेटूनच राहिला. मी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली. तशीच दामटली असती तर इंजिन जाम झालं असतं. डिपस्टिक काढली. लेव्हल पुरी, पण ऑइल पाण्यासारखं पातळ. वाशीमला जाणारी एसटीही केव्हाच पुढे निघून गेली होती. करुणाचा चेहरा उतरला.

शेजारच्या वावरात ट्रॅक्टरवर सोयाबीनची मळणी चालू होती. शेतकऱ्याला अडचण सांगितली, त्यानं घट्ट ऑइलचा डबाच आणून दिला. गौतम गाडीखाली घुसला, निम्मं ऑइल सोडलं. हात भाजला तरी हटला नाही. वरून मी घट्ट ऑइल भरलं, सेल मारला. दिवा थोडा थांबून विझला. मी या वयात टोपी हवेत उडवली!

हा इलाज नव्हता, आजचं निभावून नेणं होतं. इंजिनातलं बेअरिंग झिजलेलंच होतं. रेस एकसारखी ठेवायची, ताण द्यायचा नाही, थांबलं की इंजिन बंद, कारण सावकाश फिरलं की प्रेशर पडतं. नेमकी बाजार समितीपुढे सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग. बंद कर, चालू कर, शेवटी बॅटरीनं मान टाकली.

वहिनींनी उतरून पदर खोचला. "ढकला," एवढंच म्हणाल्या. त्या, गौतम, करुणा अन् दोन हमाल. क्लच सोडला, जीपनं हिसका दिला अन् इंजिन धडधडलं.

स्टेशनात शिरलो तेव्हा रेल्वे उभीच होती. करुणा ट्रंक घेऊन पळाली, डब्यात चढली, दारातून हात हलवत राहिली. गाडी दिसेनाशी झाली तरी वहिनी हलल्या नाहीत.

जीपजवळ परत आलो. बॉनेट अजून तापलेलं होतं.

"भाऊजी, रिपोर्ट द्या न," वहिनी म्हणाल्या.

मी सावधानमध्ये उभा राहिलो. "गाडी ओके." पुढचं माझ्याच्यानं म्हणवेना. प्रल्हाद फार आठवला.

वहिनींनी बॉनेटवर हात ठेवला.

"ड्रायव्हरची पोरगी ड्युटीवर गेली," त्यांनी रिपोर्ट पुरा केला.