चौकोन पाहणारी रागिणी

रागिणीबाईच्या नजरेचा अमरावतीच्या त्या गल्लीत मोठा धाक. नवरीचा शालू अस्सल की नकली, हे ती मांडवाच्या दारातूनच ओळखायची, आणि सांगायची ते नेमकं वरमाईच्या कानाशी. त्यामुळे समोरच्या वकिलांच्या अद्वैतनं, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापकानं, तिला प्रयोगशाळेत कामाला नेलं तेव्हा सगळ्या गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला.

काम तिच्या स्वभावाचंच होतं, नावं ठेवायचं. पडद्यावर छोटे छोटे व्हिडिओ लागायचे. काही स्वच्छ, काही फाइल लहान व्हावी म्हणून दाबून दाबून चित्र फाटलेले. तिनं पाहायचं आणि एक ते पाच गुण द्यायचे. अशा पुष्कळ माणसांच्या गुणांवरून मशीन शिकणार, की माणसाच्या डोळ्याला काय खुपतं. चेहऱ्यावर चौकोन पडले की बाई एक गुण द्यायची आणि वर नाकही मुरडायची.

मग अकोल्याला तिची माय, मैनाबाई, अत्यवस्थ झाली. रागिणी एसटीनं निघाली. मूर्तिजापूरच्या अलीकडेच भावानं, नितेशनं, दवाखान्यातून व्हिडिओ कॉल लावला. मायचे ओठ हलत होते. आणि ही म्हणते काय, "चौकोन पडून राहिले रे नितेश, खिडकीजवळ ने फोन!"

नितेश फोन घेऊन खिडकीशी गेला. परत वळला, तोवर माय गेली होती.

मायनं त्याच सकाळी नितेशच्या फोनमध्ये लेकीसाठी चार शब्द बोलून ठेवले होते. नितेशनं तो व्हिडिओ नंतर पाठवला. रागिणीनं उघडला नाही.

तेरवी उरकून ती कामावर आली, आणि मग प्रत्येक व्हिडिओला तीन. स्वच्छाला तीन, फाटक्यालाही तीन. गल्लीतल्या बायका मुद्दाम नवी लुगडी नेसून समोरून गेल्या, तरी हिची मान वळेना.

"काकू, तुमचे गुण कोणाशीच जुळत नाहीत," अद्वैत म्हणाला. "वगळावे लागतील."

"वगळ ना मंग." तिनं फोन पुढे केला. "तुयी मशीन माणसावानी पाह्यते म्हणतं ना? हे तिले दाखव. माह्याच्यानं नाई होत."

अद्वैतनं व्हिडिओ मशीनला दिला. "चित्र चांगलं आहे, काकू. चारच्या वर गुण आलेत."

"माय काय म्हणते?"

"ते तिला नाही कळत. ती फक्त चित्र बघते."

"माह्यावानीच शिकली मंग," रागिणी म्हणाली. चेहरा कोराच. मग खुर्ची ओढून बसली. "लाव."

पडद्यावर माय उशीला टेकून बसली होती. "रागे, जेवली काय व? उपाशी नको निघजो."

व्हिडिओ थांबला. अद्वैतनं गुण मागितले नाहीत.

"नाई व माय," रागिणी काळ्या पडद्याला म्हणाली, "तशीच निघाली."