अख्ख्या विमानाचं भाडं

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर आज बातमीऐवजी घरचंच लिहितो.

माझा धाकटा भाऊ दामू बोटीवर खलाशी होता. वीस वर्षांपूर्वी वेस्ट इंडीजच्या त्रिनिदाद बेटावर उतरला आणि तिथलाच झाला. आता त्याच्या मुलीचं लग्न आहे. आई म्हणाली, "आपटा गावच्या लग्नाला आपण अख्खी बस केलेली नाय का? तसा विमान कर. सगली भावकी जाव."

तिचा शब्द मोडवेना, म्हणून आज मुंबईला विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन विचारलं. कारकून हसला नाही. चाळीस माणसं, जेट विमान, वाटेत तेल भरायचे थांबे, सगळं मांडून त्याने कोटींतला आकडा सांगितला. वर म्हणाला, "काका, वऱ्हाड उतरवून विमान रिकामं परत येईल, त्याचंही भाडं यातच धरलंय."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आकडा तिने ऐकलाच नाही. म्हणाली, "रिकामा कशाला येल? माझा दामू बसल ना त्यात."

देवापुढे दिवा लावला, पण हात जोडून मागायचं काय, तेच सुचेना. मंडळी, तुम्ही काय मागितलं असतं?