आधी बिघडवून बघणारी

काल न्हाणीघर धुताना ॲसिडच्या वासाने जिंतूरच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, तिथल्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट आठवली. मेंढरांमागे दोन महिने फिरून बारावीची एक मुलगी प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी उगवली. ब्युरेट, ती थेंब थेंब सोडणारी तोटीची काचनळी, तिने कधी हातात धरली नव्हती. वैतागून मी तिला मोबाइलवरचं टायट्रेशनचं ॲप उघडून दिलं; थेंब थेंब टाकत द्रावण जेमतेम फिकं गुलाबी झालं की थांबायचं, एवढंच सांगितलं. तासाभराने पाहते तर पोरगी मुद्दाम जास्त थेंब टाकून द्रावण गडद गुलाबी करत होती. "खेळायलीस का गं?" "न्हाई बाई, कितव्या थेंबाला बिघडतंय ते बघायले. कोकराला औषध पाजताना असं बघता येत न्हाई." दुसऱ्या दिवशी तिने फिक्या गुलाबीवर अचूक तोटी बंद केली. परीक्षकांनी विचारलं, "किती वेळा केलंस हे?" "खऱ्या ब्युरेटवर? पैल्यांदाच, सर." आता ॲप देताना मी प्रत्येकाला बजावते, आधी बिघडवून दाखव.